ईएफ सुधारलाय, आता हार्ट फेल्युअरच्या गोळ्या कमी करता येतील का?

कृष्णाकाठ
मंडळी, बाबांबद्दल विचारायचं होतं. वय 67, मुक्काम कराड, एसटीतून निवृत्त. मागे अटॅक येऊन गेला, तेव्हा एक स्टेंट टाकला होता. नंतर बरे होते, पण गेल्या पावसाळ्यात जिना चढताना दम लागायला लागला. मग रात्री झोपेतून धडपडत उठून खिडकीपाशी बसायचे. आम्हाला वाटलं, कफ असेल. पाय सुजले, बोटाने दाबलं की खड्डा राहायचा, तेव्हा कुठे टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा, 25. ॲडमिट केलं, इंजेक्शनं देऊन भराभर पाणी काढलं आणि घरी येताना ही यादी हातात: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन 50 दोनदा, मेटोप्रोलॉल 50, स्पायरोनोलॅक्टोन 25, डापाग्लिफ्लोझिन 10, टॉरसेमाइड 10. शिवाय अटॅकपासूनची ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची आहेच.

आता परवा परत एको झाला, ईएफ 42. बाबा रोज सकाळी प्रीतिसंगमावर फेरी मारून येतात. त्यांचं म्हणणं, "मी ठणठणीत आहे, हा रतीब बंद करा." त्यात कुणीतरी सांगितलं की डापा ही शुगरची गोळी आहे. बाबांना शुगर नाहीच! झालं, तेव्हापासून ती गोळी त्यांच्या काळ्या यादीत पहिली. पुढची अपॉइंटमेंट लांब आहे. यातली कुठली खरंच लागते, कुठली कमी होऊ शकते? कुणाला अनुभव?

मिसळमामा
25 वरून 42? आधी अभिनंदन. बोर्डाच्या परीक्षेत एवढी सुधारणा झाली असती तर आमच्या पिताश्रींनी गल्लीभर पेढे वाटले असते.

सुधामावशी
पण 42 म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत ना हो? काठावर पास म्हणायचं की कसं? आमच्या ह्यांचाही 50 आलाय, तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे.

स्टेथोवाला
मावशी, सुतक फिटलं असं समजा. शंभर कुणाचाच नसतो. डावा कप्पा पूर्ण भरला की एका ठोक्यात त्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो, तो आकडा म्हणजे ईएफ. धडधाकट माणसाचाही साधारण 55 ते 70 असतो, बाकीचं रक्त आतच राहतं. 40 किंवा त्याखाली गेला तर कमी धरतात, 41 ते 49 हा मधला पट्टा. शिवाय एको करणारा बदलला की आकडा चार-पाच इकडेतिकडे होतो. त्यामुळे 48 आणि 50 मध्ये रडण्या-हसण्यासारखं काही नाही.

कृष्णाकाठ, मी फिजिशियन आहे. इथे बसून कुणाचा डोस बदलणार नाही, पण यादी कशी वाचायची ते सांगतो.

पंप कमकुवत झाला की किडनीकडे रक्त कमी पोचतं. किडनीला वाटतं अंगातलं पाणी आटलंय, ती मीठ आणि पाणी धरून ठेवायची हाकाटी करते. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही सगळी साखळी चालू होते. सोबतीला ॲड्रेनलिन. जुलाबाने पाणी कमी झालं असतं किंवा रक्त वाहून गेलं असतं तर हाच बंदोबस्त जीव वाचवतो. इथे मात्र पाणी भरपूर आहे, पंपच दमलाय. त्यामुळे पाणी साठत जातं, फुप्फुसात उतरतं, पायात उतरतं, आणि हीच रसायनं हळूहळू हृदयाचा स्नायू सैल, जाड, चट्टेदार करत राहतात.

आता बाबांच्या गोळ्यांचे दोन गट करा. टॉरसेमाइड साठलेलं पाणी काढते. तिने दम कमी होतो, सूज उतरते, माणूस म्हणतो वा. मूळ दुखणं ती बदलत नाही. बाकीच्या चार, म्हणजे सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापा, मूळ दुखण्यावर वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. त्या घेतल्याच्या दिवशी काहीच जाणवत नाही. उलट थोडं गळल्यासारखं वाटतं. आयुष्य वाढवणाऱ्या मात्र याच. गंमत अशी की पेशंटचा जीव पहिल्या गोळीवर असतो आणि राग या चौघींवर.

खारेदाणे
म्हणजे सरकारी काम. फायदा होतोय हे फक्त कागदावर दिसतं :)

स्टेथोवाला
कागदावर म्हणालात म्हणून कागदच देतो. कृष्णाकाठ, डापाचं उत्तर यात आहे. 2019 मध्ये डापा-एचएफ नावाचा अभ्यास आला. 4,744 रुग्ण, सगळ्यांचा ईएफ 40 किंवा त्याखाली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना डायबेटिस नव्हताच. डापा घेणाऱ्यांमध्ये हृदयरोगाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं हे 26 टक्क्यांनी कमी झालं, शुगर असो वा नसो. गोळी जन्माला आली शुगरसाठी हे खरं, पण बाबांना ती हृदयासाठी दिली आहे. शुगर नसलेल्या माणसाची साखर ती एकटी सहसा खाली पाडत नाही.

नांगरधारी
डॉक्टरसाहेब, एक शंका कधीची मनात आहे. मेटोप्रोलॉलने ठोके कमी होतात, बरोबर? हृदय आधीच दमलेलं, त्याला आणखी हळू करून काय मिळवायचं? आमच्या थोरल्या बंधूंना ती चालू केल्यावर पहिले काही दिवस ते नुसते पडून होते.

स्टेथोवाला
शंका तुमच्या एकट्याची नाही. कित्येक वर्षं आमच्या पुस्तकांतच लिहिलेलं असायचं की हार्ट फेल्युअरमध्ये बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या जातीची औषधं, देऊ नका. 1975 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या वॉगस्टीन आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांना ती देऊन पाहिली, सुधारणा दिसली, तरी लोकांना पटायला पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं गेली. 1999 मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट या दोन्हींचे मोठे अभ्यास आले. दोन्हींत मृत्यूचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटलं. सतत ॲड्रेनलिनचा मारा सोसून स्नायू झिजत असतो, तो मारा अडवला की त्याला सावरायला वाव मिळतो. म्हणून सुरुवात अगदी थोड्या डोसने, अंगात पाणी साठलेलं नसताना, आणि मग सावकाश वाढवत न्यायचं. बंधूंचे पहिले दिवस तसेच जाणार होते.

नांगरधारी
आलं ध्यानात. दमलेल्या बैलाला पराणी टोचत राहिलं की तो वावर संपवतो पण घरी येत नाही. पराणी काढून घ्यायची म्हणजे बीटा-ब्लॉकर.

स्टेथोवाला
उद्यापासून ओपीडीत हेच सांगणार. मानधन मागू नका.

अवंती_डोंबिवली
माझा अनुभव सासऱ्यांचा. सॅक्युबिट्रिलवालं औषध चालू झालं आणि त्यांचं बीपी 96/60 दिसायला लागलं. चक्कर नाही, काही नाही, पण शेजारच्या काकांनी घरच्या मशीनवर दोनदा मोजून "अरे बापरे" केलं. सासऱ्यांनी कुणाला न विचारता गोळी थांबवली. महिन्याभरात परत धाप, परत आयसीयू. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर शांतपणे म्हणाले, मशीनवरच्या आकड्याला चक्कर येत नसते, माणसाला येते. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर फोन करा, नुसता आकडा कमी दिसला म्हणून गोळी बंद करू नका.

कृष्णाकाठ, आणखी एक. हे औषध चालू असताना आमच्याकडे लॅबने साधं बीएनपी केलं, ते वाढलेलं आलं आणि घरभर रडारड. नंतर कळलं की एनटी-प्रोबीएनपी करायला हवं होतं. कारण डॉक्टरच सांगतील.

स्टेथोवाला
हृदय ताणलं गेलं की ते स्वतःच बीएनपी सोडतं. ते लघवी वाढवतं, रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे आपल्या बाजूचं रसायन. नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं. सॅक्युबिट्रिल त्या एन्झाइमला अडवतं. मग बीएनपी न मोडता टिकतं, आणि रिपोर्टमध्ये जास्त दिसू शकतं. एनटी-प्रोबीएनपीला हे एन्झाइम हात लावत नाही, म्हणून औषधावर असताना तेच मोजायचं.

जोडीचं वलसार्टन अँजिओटेन्सिनला अडवतं. 2014 च्या पॅराडाइम-एचएफ अभ्यासात ही जोडी एनालाप्रिल या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरली, हृदयरोगाने होणारे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी. पण घरात जुनी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल उरली असेल तर ती यासोबत चुकूनही घ्यायची नाही. चेहरा, जीभ, घसा सुजू शकतो. एक बंद करून दुसरी सुरू करताना 36 तासांचं अंतर ठेवतात.

रानवाटा
प्रिल मंडळींचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. त्यांचा जन्म सापाच्या विषातून आहे. ब्राझीलमधला जराराका नावाचा फुरशाच्या नात्यातला साप चावला की माणसाचं बीपी धाडकन पडतं. त्या विषातल्या पेप्टाइडांचा अभ्यास करता करता कॅप्टोप्रिल तयार झालं, अमेरिकेत 1981 मध्ये मान्यता मिळाली. आणि 1987 मध्ये एनालाप्रिलने गंभीर हार्ट फेल्युअरमधले मृत्यू कमी होतात हे उत्तर युरोपातल्या कॉन्सेन्सस अभ्यासाने दाखवलं, तेही फक्त 253 रुग्णांत.

मिसळमामा
म्हणजे नागपंचमीला मेडिकलवाल्यालाही दूध दाखवायला हरकत नाही.

रानवाटा
साप दूध पीत नाही. दर वर्षी हेच लिहायचं का मी :(

निसर्गवेडा
इतकी रसायनं वाचूनच धाप लागली. आपल्याकडे अर्जुनसाल आहे ना! माझे चुलते रोज दुधात उकळून घेतात. वय 80, अजून शेतात जातात. कंपन्यांना माणूस बरा झालेला परवडत नाही, म्हणून "जन्मभर घ्या" म्हणतात. कण्हेरीच्या मुळाचाही जुन्या लोकांत वापर होता.

स्टेथोवाला
कण्हेरीचं वाक्य वाचून मी चहा बाजूला ठेवला. पांढरी, लाल कण्हेर आणि आपली पिवळी बिट्टी, तिन्हींत डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातीची विषं असतात. ठोके मंदावून, बिघडून माणूस दगावतो. बिट्टीच्या बिया खाल्लेले पेशंट महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने पाहिले असतील. कृपया कुणीही प्रयोग करू नका.

वनस्पतीतून औषध येतं यावर माझं भांडण नाही. 1785 मध्ये विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने फॉक्सग्लोव्हच्या पानांवर पुस्तक लिहिलं, किती द्यायचं आणि कधी थांबायचं हे नोंदवलं, त्यातूनच डिगॉक्सिन आलं. पण ते तोलून मापून दिलं जातं आणि तरीही आज पहिल्या रांगेत नाही. 1997 च्या अभ्यासात त्याने ॲडमिशन कमी झाल्या, मृत्यू कमी झाले नाहीत.

अर्जुनाच्या अर्काची दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत प्लासिबोशी (औषध नसलेल्या, दिसायला सारख्या गोळीशी) तुलना केली होती, चालू औषधांच्या जोडीला देऊन. ईएफ वाढला नाही. चुलत्यांचा ईएफ मुळात किती होता?

निसर्गवेडा
एको केलेला नाही. गरजच पडली नाही.

खारेदाणे
मग अर्जुनाला श्रेय द्यायचं की चुलत्यांच्या आईवडिलांना?

सुधामावशी
भांडू नका रे. घेतात ते घेऊ देत, पण डॉक्टरांना सांगून घ्यावं एवढं खरं. आमचे हे काढे लपवून घ्यायचे, तपासणीला गेले की साळसूद चेहरा.

औषधवाला_सांगली
उशिरा आलो. काउंटरच्या या बाजूने दोन-तीन गोष्टी.

एक, "लो सोडियम" मीठ. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, मुलगा कौतुकाने मॉलमधून ते पाकीट आणतो. त्यातलं बरंचसं सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पेशंट आधीच स्पायरोनोलॅक्टोन आणि वलसार्टनवर, दोन्ही पोटॅशियम वाढवणारी. वर रोज एक शहाळं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं पोटॅशियम असंच सहाच्या वर गेलं होतं, ठोके अनियमित होऊन दवाखान्यात. सैंधवाबद्दल विचाराल तर तेही सोडियमच, रंग गुलाबी असला म्हणून काय.

दुसरं, गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, सर्दीच्या कॉम्बिनेशनमधल्या तशाच. या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण देतात. आठवडाभर घेतल्या की पाय परत सुजलेच समजा. लोक चिठ्ठी न दाखवता मागतात, हार्टची औषधं दुसऱ्या दुकानातून घेतात, मग मला कळणार कसं? सगळी औषधं एकाच दुकानातून घ्या, धंद्यासाठी सांगत नाही. बरं, थोडं धंद्यासाठीही.

तिसरं पैशाचं. डापाचं भारतातलं पेटंट 2020 मध्ये संपलं, तिच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. एम्पाची गोळी साठच्या आसपास होती, आता दहा-पंधराच्या आत मिळणारे ब्रँड आहेत. सॅक्युबिट्रिल-वलसार्टनही 2023 नंतर बऱ्याच कंपन्यांचं आलं, तेही उतरलं. जुनी महागडी चिठ्ठी घेऊन फिरत असाल तर डॉक्टरांना स्वस्त ब्रँड लिहून द्या म्हणा, कुणी रागावत नाही. अर्धी स्ट्रिप कापून नेऊन एक दिवसाआड घेण्यापेक्षा ते बरं. असे एक दिवसाआडवाले खूप आहेत, आणि ते डॉक्टरांना कधीच सांगत नाहीत.

टोरांटोकर
पोटॅशियमच्या मुद्द्याला दुजोरा. इथे स्पायरोनोलॅक्टोन चालू केल्यावर आठवड्याभरात आणि मग महिन्याने रक्त तपासायला बोलावलंच, न विचारता.

माझी गोष्ट आईची. तिचा ईएफ 60! तरीही हार्ट फेल्युअर. भारतात असताना बराच काळ दम्याचे पंप चालू होते. वजन जास्त, बीपी, शुगर, सगळे म्हणायचे वयाने होतं. इथे एनटी-प्रोबीएनपी वाढलेलं आलं तेव्हा उलगडा झाला की हृदय आकुंचन पावतंय नीट, पण सैल पडून भरायला तयार नाही. भरतंच कमी, म्हणून मागे पाणी तुंबतं. तिला एम्पाग्लिफ्लोझिन दिलं आणि पाण्याची गोळी. या प्रकारात बाकीच्या गोळ्यांचा तितका पक्का फायदा नाही असं कार्डिओलॉजिस्ट म्हणाल्या. बरोबर ना डॉक्टर?

स्टेथोवाला
बरोबर. ईएफ चांगला असलेल्या प्रकारात बरीच वर्षं एकामागून एक औषधं नापास होत होती. एम्पाने 2021 मध्ये आणि डापाने 2022 मध्ये ॲडमिशन कमी करून दाखवल्या. स्पायरोनोलॅक्टोनच्या नात्यातल्या फिनेरेनोनचा निकाल 2024 मध्ये आला, तोही अनुकूल. वयस्कर बाई, वजन, बीपी, शुगर आणि "दमा" हे एकत्र दिसलं की एकदा हृदयाकडे बघावं, एवढं इथल्या तरुण डॉक्टर वाचकांनाही सांगतो.

पणजीचा बाब्या
माझ्या भावाला स्पायरोनोलॅक्टोनने छातीला गाठीसारखं झालं, दुखायचं. लाजून कोणाला सांगेना. गोळीच गुपचूप बंद केली होती. शेवटी वहिनीने डॉक्टरला सांगितलं, तर बदलून एप्लेरेनोन दिली आणि सगळं निवळलं. पुरुषांनो, सांगत जा रे.

आणि गोव्यात राहून सुकं, खारं बंद म्हणजे अर्धा जन्म वाया. सुंगटाचं सुकं, खारो बांगडो. तो रोज नुसता वास घेतो.

खारेदाणे
माझ्या आयडीचा या धाग्यावर फार अपमान होतोय. पापड, लोणचं, फरसाण, चकली, बाहेरची मिसळ, सगळ्यात मीठच. आणि लोक विसरतात तो खायचा सोडा. ढोकळा, भजी, ॲसिडिटीची फसफसणारी पावडर. सोडियम तिथेही आहे.

मिसळमामा
मिसळीचं नाव काढलंत, आता वैयक्तिक झालं. डॉक्टर, किती मीठ चालतं ते एकदा स्पष्ट करा म्हणजे मी शांतपणे रडेन.

स्टेथोवाला
दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, स्वयंपाकातलं धरून. 2022 मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात सोडियम खूपच कमी करणाऱ्यांना मृत्यू किंवा ॲडमिशनमध्ये ठळक फायदा दिसला नाही. म्हणून मी माझ्या पेशंटांना बेचव खायला लावत नाही. पण लोणच्याची फोड, पापड आणि फरसाण एकाच ताटात दिसलं तर बोलतो. रविवारी पार्टी झाली की सोमवारी-मंगळवारी कॅज्युअल्टीत कोण येणार हे आम्हाला माहीत असतं.

रोज सकाळी लघवी करून, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. दम लागायची वाट न बघता फोन करायचा. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी हीच.

वारकरी_67
माझाही ईएफ 35. दर वर्षी आळंदीहून पायी निघतो. यंदा घरच्यांनी तंबी दिली आहे. शिवाय निर्जळी एकादशी असते. डापा चालू आहे. काय करू?

स्टेथोवाला
माउली, निर्जळी आणि डापा ही जोडी नको. ही गोळी लघवीतून साखर आणि पाणी बाहेर टाकते. पोटात काही नसेल, पाणीही नसेल, तर शुगर वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन वाढून ॲसिड साठू शकतं, विशेषतः डायबेटिस असेल तर. मळमळ, उलट्या, धाप. उपवास, जुलाब, उलट्या अशा दिवसांत ती थांबवायची का आणि कधी परत घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पाण्याच्या गोळीचंही तसंच. घामाने अंग निथळत असताना तिचा नेहमीचा डोस जास्त होऊ शकतो. आणि हो, या गोळीने लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते, स्वच्छता ठेवा. वारीचं म्हणाल तर पूर्ण पायी की काही टप्पे वाहनाने, हे तुम्हाला तपासणारा माणूसच सांगू शकेल.

सुधामावशी
विठोबा समजून घेतो हो. पाणी पिऊन केलेली एकादशीही त्याला पोचते.

अवंती_डोंबिवली
अजून एक विचारते. सासऱ्यांचे डॉक्टर दर दोन आठवड्यांनी बोलावून डोस वाढवत होते, 50 चा 100, मग 200. नणंद म्हणाली प्रयोग चाललाय. हे नेहमीचं आहे का?

स्टेथोवाला
नेहमीचं असायला हवं, होतं कमी. 2022 च्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेलं, मधे दर भेटीला बीपी, नाडी, पोटॅशियम, क्रिएटिनीन बघत. पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू किंवा परत ॲडमिट होणं 23 टक्क्यांवरून 15 वर आलं. आपल्याकडे उलटं होतं. डिस्चार्ज कार्डावरचा सुरुवातीचा डोस वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्रिवेंद्रमच्या 2013 च्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत 1,205 रुग्ण होते, सरासरी वय 61, आणि वर्षभरात जवळपास तिसरा हिस्सा गेला. घरी जाताना शिफारस केलेली सगळी औषधं मोजक्या लोकांच्याच हातात होती.

कृष्णाकाठ, तुमचा मूळ प्रश्न मागे पडला, त्याकडे येतो. ईएफ सुधारल्यावर गोळ्या थांबवून पाहिलेला अभ्यास खरंच झाला आहे. लंडनमध्ये, ट्रेड-एचएफ नावाचा. हृदय ताणून मोठं होण्याच्या आजारातून सावरलेले 51 लोक, ईएफ 50 च्या वर, लक्षणं शून्य. निम्म्यांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत त्यातल्या 44 टक्के लोकांचा आजार परतला. चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही नाही. तुमच्या बाबांना तर अटॅकचा व्रण आहे आणि ईएफ अजून 42. ही सुधारणा गोळ्यांनी धरून ठेवली आहे असं समजून चाला. चर्चा करायचीच तर ती टॉरसेमाइडवर होऊ शकते, सूज आणि वजन स्थिर असेल तर. तीही डॉक्टरांसमोर.

निसर्गवेडा
51 लोकांवरून सगळ्या जगाला नियम लावायचा?

स्टेथोवाला
आकडा लहान आहे, मान्य. पण इतका फरक दिसल्यावर मोठा अभ्यास करायला लोकांच्या गोळ्या कोण बंद करणार? तुम्ही तयार असाल तर कळवा.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. धागा मोठ्याने वाचून दाखवला. पराणीवर बाबा खूश, कारण आजोबांकडे बैलजोडी होती. डापाचा राग थोडा निवळलाय, "मग खोक्यावर हार्टची असं छापायला काय होतं" एवढं म्हणाले. अपॉइंटमेंट अलीकडे ओढून घेतली. डॉक्टरांनी टॉरसेमाइड रोजच्या ऐवजी एक दिवसाआड केली, वजनाची वही मागितली आणि बाकी काही कमी तर नाहीच, सॅक्युबिट्रिलचं 50 होतं ते 100 केलं! बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. गोळ्या कमी करायला गेलेला माणूस डोस वाढवून आला. घरात लो सोडियमचं पाकीट सापडलं, ते आईने मोलकरणीला न देता थेट कचऱ्यात टाकलं.

मिसळमामा
बाबांना माझा सलाम. प्रीतिसंगमावर भेळ मिळते ना अजून? बिनमिठाची सांगा.

रेवदंडा
धागा वाचून काढला. उपयुक्त. माझ्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, त्यांना याच चारही गोळ्या चालू आहेत. सर्जन म्हणाले "हार्टच्या गोळ्या घेत राहा", काकू म्हणतात ऑपरेशनच्या दिवशी उपाशी पोटी कशा घेणार. डापाचं काय करायचं?

स्टेथोवाला
सर्जन आणि भूल देणारे, दोघांनाही पूर्ण यादी दाखवा, "हार्टच्या गोळ्या" एवढं सांगून भागत नाही. डापा साधारण तीन दिवस आधी थांबवतात आणि नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर परत देतात. मेटोप्रोलॉल मात्र एकदम तोडायची नसते, ती बहुधा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोनचं त्या सकाळी काय करायचं ते भूलतज्ज्ञ बीपी आणि पोटॅशियम बघून ठरवतील. चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी नको.

रेवदंडा
धन्यवाद डॉक्टर. उद्याच यादी घेऊन जातो. काकांनी ॲस्पिरिनचं तर सांगितलंच नव्हतं, ती वेगळ्या डब्यात असते.